विमानावरचं नाव आणि पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिरातींना ऊत येतो. माझ्या धाकट्या बहिणीने परवा वाईहून तशीच एक जाहिरात फोटो काढून पाठवली. अमेरिकेत वर्षभरात परवाना, आणि खाली तिथल्या कॅप्टनचा वार्षिक पगार, डॉलरमध्ये, ठळक टाइपात. "ताई, हे खरं का गं? पोरगं हट्टाला पेटलंय." तिला फोनवर जे सांगितलं ते इतर पालकांच्याही उपयोगी पडेल म्हणून हे पत्र. जरा लांबलंय. कात्री चालवायचीच झाली तर पगाराच्या आकड्यांवर चालवा, सेवाज्येष्ठतेच्या भागावर नको.

आकडा खोटा नाही. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या बड्या कंपन्यांत लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाचा ज्येष्ठ कॅप्टन वर्षाला चार लाख डॉलरच्याही वर जातो. पण त्या खुर्चीत थेट जाऊन कोणी बसत नाही. लष्करातून आलेले सोडले तर बहुतेकांना आधी प्रादेशिक विमान कंपनीत काही वर्षं काढावी लागतात, आणि ती काय चीज आहे हे जाहिरातवाले सांगत नाहीत. मी शिकागोला राहते. निवृत्त होईपर्यंत अशाच एका कंपनीच्या क्रू शेड्युलिंगमध्ये होते. कुठल्या उड्डाणावर कोण जाणार हे लावायचं, आणि कोणी आजारी पडलं की पहाटे तीनला दुसऱ्या कोणाची तरी झोप मोडायची, हे माझं काम.

तुम्ही युनायटेडचं तिकीट काढता. विमानाला रंग युनायटेडचा, हातात येणाऱ्या कागदी रुमालावर नाव युनायटेडचं. विमान चालवणाऱ्या कंपनीचं नाव मात्र कुठेतरी बारीक अक्षरांत: स्कायवेस्ट, रिपब्लिक, गोजेट. याच त्या प्रादेशिक कंपन्या, बड्या कंपनीच्या कंत्राटदार. तिकिटाचा भाव, मार्ग, वेळापत्रक सगळं बडी कंपनी ठरवते. इंधनाचा खर्च बहुतेक करारांत तीच सोसते, अनेकदा विमानही तिच्याच मालकीचं असतं. कंत्राटदाराला उड्डाणामागे आणि तासामागे ठरलेली रक्कम मिळते. मुंबईकरांना हे वेगळं समजवायला नको: बस बेस्टची, रंग लाल, तिकीट बेस्टचं आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा. 2023 च्या ऑगस्टमध्ये तेच ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले तेव्हा कितीतरी प्रवाशांना कळलं की आपल्या रोजच्या बसचा चालक बेस्टचा नोकरच नाही.

आता भाव दुसऱ्याने ठरवलेला, इंधन दुसऱ्याचं, विमान दुसऱ्याचं, तर कंत्राटदाराच्या हातात कमी-जास्त करण्यासारखं उरतं काय? माणसांचा पगार. आणि खरी मेख इथेच आहे. वैमानिकाचा दर नोकरीच्या वर्षांनुसार चढतो. म्हणजे कंपनीतले वैमानिक जितके जुने, अनुभवी, तितकी कंपनी महाग. पुढच्या करारात ती हरते, आणि काम नव्या, पोरसवदा वैमानिकांच्या कंपनीकडे जातं. अनुभव वाढवल्याबद्दल शिक्षा देणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

सिनसिनाटीची कॉमएअर हे त्याचं ठळक उदाहरण. डेल्टाच्या मालकीची प्रादेशिक कंपनी. 2001 मध्ये तिच्या वैमानिकांनी 89 दिवस संप केला आणि त्या काळाच्या मानाने चांगला करार मिळवला. पुढे 'तुमचा खर्च फार' हेच तिच्याविरुद्धचं तुणतुणं झालं. विमानं कमी होत गेली आणि सप्टेंबर 2012 मध्ये डेल्टाने ती बंदच केली. पन्नास आसनांच्या जुन्या विमानांचा काळ संपत आला होता हेही खरं. पण तिच्याकडची मोठी विमानं काही भंगारात गेली नाहीत, ती दुसरे कंत्राटदार उडवू लागले. 2020 मध्ये एक्स्प्रेसजेटचंही तेच झालं. युनायटेडने तिची एम्ब्रेअर 145 विमानं कम्यूटएअर या दुसऱ्या कंत्राटदाराकडे दिली आणि सप्टेंबरअखेर एक्स्प्रेसजेटने उड्डाणं थांबवली.

विमान एका कंपनीतून दुसरीत गेलं तर त्याचा फार तर रंग बदलतो. वैमानिक गेला तर त्याची सेवाज्येष्ठता मागेच राहते. आपल्याकडे शिक्षकांना आणि एसटीवाल्यांना सेवाज्येष्ठता यादी म्हणजे काय ते पाठ असतं, पण इथे तिच्यावर सगळंच अवलंबून: कॅप्टन कधी होणार, कुठलं विमान मिळणार, कुठल्या शहरात नेमणूक, दिवाळीला घरी की डेट्रॉईटच्या हॉटेलात. कंपनी बदलली की वीस वर्षांचा कॅप्टनही यादीच्या तळाशी, नव्या पोराच्या खाली, कारण ते पोरगं आदल्या आठवड्यात रुजू झालं.

आमच्या स्क्रीनवर राखीव वैमानिकांची यादी असायची. ज्येष्ठांना आपल्या सोयीच्या ड्यूट्या आधी निवडता यायच्या, म्हणून पहाटेच्या फोनला शिल्लक राहायचे ते तळातले. त्यांतला एक आमच्याकडे येण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीत बरीच वर्षं कॅप्टन होता. ती बुडाली म्हणून आमच्याकडे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक झाला, पगार निम्म्यावर आला. त्याचं घर टेनेसीत, नेमणूक शिकागोत. ओहेअर विमानतळाजवळ एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आठ-दहा वैमानिक दुमजली खाटा टाकून राहायचे, तिथे तो एक खाट भाड्याने घेऊन होता. याला इथे 'क्रॅशपॅड' म्हणतात. मी फोन केला की शेजारचे जागे होऊ नयेत म्हणून तो बाथरूममध्ये जाऊन बोलायचा, आणि मागे एक्झॉस्ट फॅन घरघरत असायचा. कधी आवाज चढवला नाही. उलट मलाच म्हणायचा, "तुमचीही रात्रपाळीच की." हवामान बिघडलं असताना त्याच्या शेजारी कॅप्टनच्या खुर्चीत कोण बसायचं, तर त्याच्याहून निम्म्या अनुभवाचा मुलगा. मुलगा वाईट नव्हता, पण यादी अनुभव मोजत नाही, रुजू झाल्याची तारीख मोजते.

थकव्याचं तर बोलायलाच नको. 12 फेब्रुवारी 2009 ला न्यूअर्कहून बफेलोला जाणारं विमान रात्री घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जण गेले. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीचं, विमान कोलगन एअर या कंत्राटदाराचं. चौकशीत बाहेर आलं की फर्स्ट ऑफिसर मुलगी आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांत बसून न्यूअर्कला पोचली होती आणि कॅप्टनने कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिकक्षात रात्र काढली होती. तिचा पगार किती यावर सुनावणीत काथ्याकूट झाला. वर्षाला 16 हजार म्हणा की 24 हजार डॉलर, न्यूअर्कजवळ खोली घेण्याएवढा तो नव्हता. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला खेटे घातले, 2010 मध्ये कायदा झाला, विश्रांतीचे नियम बदलले आणि 2013 पासून फर्स्ट ऑफिसरलाही 1500 तासांच्या उड्डाणाची अट आली. गंमत अशी की त्या विमानातल्या दोघांकडेही 1500 हून जास्त तास होते. नियम झाला तासांचा. कंत्राटाच्या पद्धतीला कोणी हात लावला नाही.

सगळा दोष मालकांचा म्हणायला मी तयार नाही. बड्या कंपन्यांतल्या वैमानिक संघटनांच्या करारात एक कलम असतं: बाहेरच्या कंपनीला किती आसनांची, किती वजनाची विमानं देता येतील याची मर्यादा घालणारं. 2001 च्या हल्ल्यानंतर युनायटेड, यूएस एअरवेज, मग डेल्टा, नॉर्थवेस्ट अशा एकेक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. त्या दबावाखाली ही मर्यादा पन्नासवरून सत्तर, शहात्तर आसनांवर गेली. ज्येष्ठांनी आपली मोठी विमानं आणि जमेल तेवढं पेन्शन वाचवलं (युनायटेड, यूएस एअरवेज आणि डेल्टावाल्यांना तेही जमलं नाही) आणि लहान विमानं सोडून दिली. त्या लहान विमानांत पुढची पिढी बसणार होती, आणि ती मतदानाला हजर नव्हती. आज ते कलम इतकं काटेकोर आहे की युनायटेडसाठी सत्तर आसनांच्या विमानातून वीस खुर्च्या काढून ते पन्नासचं केलं गेलं, केवळ करारात बसावं म्हणून. त्याला सीआरजे 550 असं नावही दिलं. प्रवाशांना पाय पसरायला ऐसपैस जागा झाली, एवढा एक फायदा.

जाहिरातवाले म्हणतील की बाई जुन्या गोष्टी उगाळतेय, आता दिवस पालटलेत. पालटले खरे. कोविडमध्ये बड्या कंपन्यांनी ज्येष्ठांना मुदतपूर्व निवृत्ती दिली, मग माणसं कमी पडली, आणि प्रादेशिक कंपन्यांतले वैमानिक त्यांनी भराभर उचलले. कंत्राटदारांची तारांबळ उडाली. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकनच्या मालकीच्या तीन प्रादेशिक कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला 90 डॉलर केला. आमच्या वेळी हा दर ऐकून लोकांनी फोनच ठेवला असता. त्याच वर्षी ओहायोतल्या टोलीडोसारख्या गावांची विमानसेवा अमेरिकनने वैमानिक नाहीत म्हणून बंद केली. पण 2024 पासून बड्यांची भरती मंदावली, आणि त्यांच्या दाराकडे डोळे लावून बसलेल्यांची रांग पुन्हा साचली. दर सुधारला, रचना तीच आहे. उद्या विमानं तिसऱ्याकडे गेली तर तासाला 90 डॉलर घेणाऱ्याचीही सेवाज्येष्ठता शून्य.

आपल्याकडच्या मुलांसाठी तर मुळातच घोडं अडतं. विद्यार्थी व्हिसावर इथे विमान चालवायला शिकता येतं. नोकरीसाठी कायमचा कामाचा हक्क लागतो, ग्रीन कार्ड लागतं, आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब ते घरोघरी माहीत आहे. म्हणजे पोरगं परवाना घेऊन परत येणार, डीजीसीएच्या, म्हणजे भारतातल्या विमान वाहतूक नियामकाच्या परीक्षा देऊन तो भारतीय करून घेणार आणि भारतातल्याच कंपन्यांच्या दारात उभं राहणार. मग डॉलरचा तो ठळक आकडा जाहिरातीत कशासाठी?

भारतात हा प्रकार अजून अमेरिकेसारखा बोकाळलेला नाही. इंडिगो आपली छोटी एटीआर विमानं स्वतःच्याच वैमानिकांकडून चालवते, आणि ते वैमानिक कंपनीच्याच यादीत असतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच इंडिगोने इस्तंबूलच्या मार्गावर टर्किश एअरलाइन्सची आणि मुंबईहून युरोपला जाण्यासाठी नॉर्स अटलांटिकची मोठी विमानं त्यांच्या वैमानिकांसकट भाड्याने घेतली. नवीन विमानं हाती येईपर्यंतची सोय असं त्याचं कारण दिलं जातं, आणि ते पटण्यासारखंही आहे. तरी आमच्याकडेही प्रत्येक सवलत 'तात्पुरती' म्हणूनच सुरू झाली होती, हे तिथल्या वैमानिक संघटनांनी जरूर विचारात घ्यावं.

आपल्याला विनंती एवढीच. करिअरच्या पानांवर अशा जाहिराती छापताना त्यांच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: दाखवलेला पगार कोणत्या कंपनीच्या, कितव्या वर्षाच्या वैमानिकाचा, आणि परदेशी विद्यार्थ्याला ती नोकरी कायद्याने मिळू शकते का.

आपली,
एक वाचक, शिकागो (मूळ गाव वाई, जि. सातारा)
(कृपया नाव छापू नये. जुने सहकारी अजून नोकरीत आहेत.)