मागी लोकांच्या गावातून पत्र

कोलोन, जर्मनी
७ जानेवारी २०२६

प्रिय आजोबा,
सप्रेम सलाम.

काल रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट इथल्या कॅथेड्रलमध्ये गेले. चौदा महिने रोज स्टेशनातून बाहेर पडताना ते समोर दिसतं, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्याच्या मधल्या मनोऱ्यावर क्रूस नाही, तारा आहे. ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडून बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांच्या, म्हणजे मागी लोकांच्या, अस्थी इथे आहेत अशी श्रद्धा आहे, म्हणून तो तारा. ११६४ मध्ये इथल्या आर्चबिशपने त्या मिलानहून आणल्या. मग त्यांच्यासाठी सोन्याची मोठी पेटी घडवली गेली आणि १२४८ मध्ये या इमारतीचा पाया घातला. बांधकाम पुरं व्हायला १८८० उजाडलं!

६ जानेवारीला त्या पेटीची पुढची फळी काढतात. जाळीआड मुकुट घातलेल्या तीन कवट्या दिसतात. त्या खरंच त्यांच्या असतील का, हा प्रश्न तुम्ही विचारणार. मला तिथे उभं असताना तो पडला नाही. पेटीवरच्या कोरीव चित्रात तिघे भेटी घेऊन येशूच्या आईकडे, मरियेकडे निघालेत आणि त्यांच्या मागे चौथा उभा आहे, तो जर्मनीचा राजा ओटो. सोनं त्याने दिलं होतं. मला ते फार आवडलं. येशूच्या जन्माच्या वेळचा यहूद्यांचा हेरोदही राजाच होता, पण त्याला या रांगेत उभं राहणं जमलं नाही.

संडे स्कूलमध्ये तुम्ही आम्हाला विचारायचात, "तारा दिसत असताना ते हेरोदाच्या दारी का गेले?" आम्ही पोरं गप्प. काल मी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचला. ते तीन होते असं तिथे लिहिलेलं नाही, राजे होते असंही नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून आपण माणसंही तीन धरली. आणि बाळ त्यांना गव्हाणीत नाही, घरात भेटलं. नाताळच्या नाटकात आपण सगळं एकाच रात्री उरकतो.

पण मी अडकले ती शास्त्र्यांपाशी, म्हणजे यरुशलेमेतल्या धर्मशास्त्राच्या जाणकारांपाशी. ख्रिस्त कुठे जन्मेल असं हेरोदाने विचारल्यावर त्यांनी क्षणात मीखा संदेष्ट्याचं वचन काढून सांगितलं, बेथलेहेमात. अचूक उत्तर. यरुशलेमेहून बेथलेहेम जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, आपल्या घरापासून आत्याच्या शेतावर जावं इतकं. त्यांच्यातला कुणी निघाला असं मत्तय सांगत नाही. गेले ते परके, ज्यांच्याजवळ वचन नव्हतं आणि ज्यांनी भर शहरात लोकांना वाट विचारली. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच असावं. विचारायला लागावं म्हणूनच त्यांना तेवढ्यापुरतं अडवलं असेल. ते पुन्हा चालायला लागले तेव्हा तारा परत पुढे झाला.

आजोबा, फोनवर तुम्ही "उपासनेला जातेस ना?" म्हणायचात आणि मी "वेळ मिळेल तसं" म्हणायचे. खरं सांगते, नाताळ धरून सहा महिने मी कुठल्याच मंडळीत गेलेले नाही. वचनं सगळी पाठ आहेत, तुम्हीच करून घेतलीत. शास्त्र्यांनाही पाठ होती. काल त्या जाळीसमोर मला रडू आलं, आणि शेजारच्या म्हातारबाईंनी न बोलता हातरुमाल पुढे केला.

संध्याकाळी आमच्या इमारतीत कागदी मुकुट घातलेली चार मुलं तारा घेऊन गात आली. गरजू मुलांसाठी ती दरवर्षी वर्गणी गोळा करतात. दाराच्या चौकटीवर त्यांनी खडूने २०, सी, एम, बी, २६ असं लिहिलं. 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरं, आणि दोन्ही बाजूंना यंदाचं साल. ते पुसायचं नसतं. फोटो आईच्या फोनवर पाठवला आहे, आजीलाही दाखवा.

रविवारची पाळी बदलून घेतली आहे. उपासना दहाला आहे, तेव्हा त्या दिवशी फोन तुमच्या संध्याकाळी करा.

तुमची,
लाडकी नात