प्रोस्टेट तपासणी शिबिरासाठी ग्रामस्थांना आवाहन

सर्व ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि माहेरवाशिणी यांस सप्रेम नमस्कार.

गौरी आणण्याच्या आदल्या दिवशी आपल्या मराठी शाळेत मंडळातर्फे पुरुषांसाठी प्रोस्टेट तपासणी शिबिर ठरले आहे. चाकरमानी गावात आणि होड्या किनाऱ्याला, असा योग वर्षातून एकदाच. दिवस थोडे उरलेत, शिल्लक त्याहून थोडी.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने शाळेचे पत्रे उडवले, तेव्हा मंडळाला कोणाच्या दारात जावे लागले नव्हते. गिरणीवाल्या भाऊंनी टेम्पो भरून पत्रे आणले आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. ज्यांच्या स्वतःच्या माड-पोफळी आडव्या झाल्या होत्या, ते कोयती घेऊन आधी शाळेचा रस्ता मोकळा करायला आले. मुंबई मंडळाने तर लॉकडाऊनमध्ये, पगार अर्धे झालेले असताना, घरटी वर्गणी काढून पाठवली. पुढे नेत्रशिबिर झाले, त्यातल्या डॉक्टरांच्या जेवणाचा सगळा खर्च वरच्या वाडीतल्या गुरुजींनी पेन्शनमधून केला. गुरुजी आज नाहीत. या सगळ्यांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

या शिबिराची पहिली वर्गणी आली ती महिला बचत गटाकडून. आजार पुरुषांचा आणि पैसे बायकांचे! बैठकीत विषय काढला तेव्हा आपले अर्धे सभासद हसले, उरलेले मोबाईल बघत बसले. अंडरआर्म क्रिकेटच्या ट्रॉफीला एका संध्याकाळी तीन-तीन देणगीदार उभे राहतात. असो, बोलायचे नव्हते.

हा म्हाताऱ्यांचा आजार, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर. प्रोस्टेट ही पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वयाबरोबर ग्रंथी वाढते, साठीपर्यंत निम्म्या पुरुषांची वाढलेली असते. सूज मात्र विशीतिशीतही येते. आपल्याच वाडीतल्या एका तरण्या ड्रायव्हरला हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांनी मलेरिया धरला. लघवीला जळजळ होतेय आणि खाली बसवत नाही, हे तो लाजेने कोणाला बोलला नाही. शेवटी लघवी अडकली आणि रात्री गाडी करून चिपळूण गाठावे लागले. पोरगा बरा झाला, पण बरे वाटताच त्याने गोळ्या सोडल्या आणि दुखणे परत आले. या सुजेत जंतू असले तर औषध काही आठवडे घ्यावे लागते, डॉक्टर सांगतील तितके. पुष्कळांना जंतू सापडतच नाहीत, तरी ओटीपोट आणि कंबर महिनोन् महिने दुखते. ही सूज म्हणजे कॅन्सर नव्हे, घाबरू नये.

जपायचे कसे? समुद्रावर पाणी पुरवून पुरवून प्यायची खलाशांची सवय आणि मुंबईची गाडी चालवताना लघवी दाबून धरायची ड्रायव्हरांची, दोन्ही वाईट. जळजळ अंगावर काढू नये. निरोध वापरावा (हे लिहिल्याबद्दल ज्येष्ठांनी रागावू नये). वाढलेल्या प्रोस्टेटवाल्यांनी सर्दीची गोळी मनाने घेऊ नये, काही गोळ्यांनी लघवी तुंबते. ताप-थंडी असेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर शिबिराची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शिबिर सकाळी 9 ते 1. लघवी तपासणी सर्वांची. पीएसए ही रक्ताची तपासणी पन्नाशीपुढच्यांची, वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असल्यास पंचेचाळीसपासून, तीही डॉक्टरांशी बोलून. सूज असताना पीएसए उगाच वाढलेले दिसते, म्हणून नुकताच लघवीचा जंतुसंसर्ग झालेल्यांनी आधी सांगावे. आदले दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळावा. तपासणीची खोली वेगळी, पडदा लावलेला, आत फक्त डॉक्टर. नावनोंदणी शाळेत किंवा चिटणिसांच्या घरी.

500 रुपयांत एकाची तपासणी होते, म्हणून किमान तेवढी देणगी द्यावी. जास्त देणाऱ्यांना मंडळ अडवणार नाही. रोख रक्कम खजिनदारांकडेच द्यावी आणि पावती घ्यावी. मुंबईकरांनी मंडळाच्या खात्यावर भरून निरोप द्यावा. पैसे नसतील त्यांनी बाके हलवायला आदल्या संध्याकाळी यावे. डॉक्टरांना न्यायला-आणायला गाडी हवी आहे, डिझेल मंडळाचे. नेत्रशिबिराची कबूल केलेली देणगी ज्यांच्याकडे अजून राहिली आहे, त्यांनी ती यातच जमा केली तरी चालेल.

आपला नम्र,
चिटणीस
(मंडळाकरिता)