ट्रेलवर सायकलची चेन बसवून देणाऱ्या काकांना थँक्यू!!

काका नमस्कार,

तुमचं नाव विचारायचंच राहिलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणी ओळखत असेल तर प्लीज काकांना दाखवा. परवा इथे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ॲशबर्नजवळ लेकीच्या सायकलची चेन निघाली आणि तुम्ही हात काळे करून ती बसवून दिलीत, त्याचे आभार आहेतच, पण खरं थँक्यू त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी.

चार वर्षं मी या डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर, म्हणजे चालायच्या-सायकलच्या पक्क्या वाटेवर, चालतेय आणि मला वाटायचं, मुद्दाम सायकलवाल्यांसाठीच बांधलाय. तुम्ही विचारलंत, "इथे कधी दमवणारा चढ लागलाय का गं?" खरंच नाही की! कारण इथे आधी रेल्वेचे रूळ होते, आणि गाडीला उभा चढ झेपत नाही. त्या रुळांवरच्या विजेच्या गाडीला तुम्ही ट्रॉली म्हणालात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉली, आम्ही सांगलीकडचे ना. मग दादर टीटीच्या ट्रामचं नाव काढलंत तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

वाफेची गाडी लीसबर्गला १८६० लाच आलेली, पण १९१२ मध्ये वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन (तेच ते डब्ल्यू अँड ओडी) या रेल्वे कंपनीने ती लाइन भाड्याने घेऊन वर विजेची तार टाकली, आणि तेव्हा ही आपली लाउडन काउंटी म्हणजे नुसती शेतं न गाई, आत्ता डेटा सेंटरं आहेत तिथे! इथलं दूध वॉशिंग्टन शहरात जायचं आणि शहरातले लोक उन्हाळ्यात उलटे ब्लूमाँटला डोंगरात हवा खायला. ब्लूमाँटचं जुनं नाव स्निकर्सव्हिल, त्यावर लेक अजून हसतेय.

मग मोटारी आल्या, पक्के रस्ते आले. पर्सेलव्हिलच्या पुढची लाइन १९३९ ला गेली (म्हणून ट्रेल तिथे संपतो होय, मी आपली समजायचे बजेट संपलं असेल), विजेवरच्या पॅसेंजर १९४१ ला थांबल्या, मालगाडी रखडत १९६८ पर्यंत. ग्रेट फॉल्सला जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्याचा तर रस्ताच झाला, ओल्ड डोमिनियन ड्राइव्ह, कितीदा गेलेय तिथून! आणि ट्रेलवरच्या त्या मोठ्या तारा, त्या ट्रॉलीच्या नाहीत, नंतर जमीन वीज कंपनीने घेतली त्यांच्या, हे सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर लेकीने शाळेत ठोकून दिलं असतं.

या शनिवारी सकाळी नऊला पर्सेलव्हिलचं १९०४ चं स्टेशन बघायला जातोय. तुम्ही यायचंच, पोहे मी आणते.