गॅलरीतला फोन

प्रिय निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू भरल्या पानावरून उठून गॅलरीत गेलास आणि फोनवर जे बोललास ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मुद्दाम कान दिला नव्हता, पण तुझा आवाजच चढला होता. "हे मला आत्ता सांगतोयस? तीन दिवस काय करत होतास?" तू परत आलास तेव्हा आमटी निवली होती. मी काही विचारलं नाही, तूही काही बोलला नाहीस. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या कंपनीतल्या त्या मुलाने तीन दिवस का सांगितलं नाही, हे तू त्याला विचारलंस. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याचं निम्मं उत्तर तुझ्याकडे असेल. ते मला कसं कळलं ते सांगते.

मी बारा वर्षं टेस्टिंग केलं हे तुला माहीत आहे. आमची कंपनी एकवीस माणसांची, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. पतसंस्था आणि लहान सहकारी बँकांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची आणि ती जाऊन सांगायची, हेच माझं काम. म्हणजे रोज उठून वाईट बातमी न्यायची. आमचे सर फार हुशार होते. पहिलं व्हर्जन त्यांनी एकट्याने रात्री जागून लिहिलं होतं. कुणाच्या घरी आजारपण असलं तर न मागता पैसे पुढे करायचे. पण वाईट बातमी त्यांना सोसायची नाही.

१९९९ च्या डिसेंबरात वायटूकेची, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटरच्या तारखा चुकू नयेत याची, धावपळ चालू होती. वर्षाचे दोन आकडे होते तिथे चार करायचे आणि जुना डेटा बदलून घ्यायचा. मीटिंगमध्ये एका मुलीने सांगितलं की एका बँकेच्या जुन्या खात्यांचं काम ३१ तारखेपर्यंत होणार नाही. सरांनी तिला सगळ्यांसमोर, हॉलच्या मध्यभागी उभं करून झापलं. "जमत नसेल तर घरी बसा." तिचा अंदाज बरोबर निघाला, ते काम जानेवारीत संपलं. पण ती बरोबर होती हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिचा पडलेला चेहरा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

जानेवारीच्या मध्याला एक मुलगा डॉट मॅट्रिक्सचा लांब कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. व्याजाच्या प्रोग्रॅममधलं लीप वर्ष तपासणारं फंक्शन त्याने लिहिलं होतं. शंभरने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, एवढंच त्याला माहीत होतं. चारशेने भाग गेला तर ते लीप असतं, हा पुढचा नियम सुटला होता. १९०० लीप नव्हतं, पण २००० होतं. दुरुस्ती एका ओळीची. पण प्रोग्रॅम फ्लॉपीवरून गावोगावच्या पतसंस्थांमध्ये जाऊन बसला होता. तो सगळीकडे बदलायचा तर माणसं पाठवायला हवी होती, आणि त्यासाठी सरांना सांगायला हवं होतं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, सरांना कोण सांगणार?"

आणि मी म्हणाले, "फेब्रुवारीअखेरीला वेळ आहे अजून. त्यांचा मूड बघून सांगू."

तो मूड काही आला नाही. त्याने आपल्या मशीनवर दुरुस्ती केली, आणि त्यानंतर ज्या संस्थेत कुणी ना कुणी कामाला गेलं तिथे नवी फ्लॉपी गेली. चार ठिकाणं राहिली. २९ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी पहिला फोन आला. "तारीख चूक आहे म्हणतंय, डे-एंड होत नाहीये." म्हणजे दिवसाचा हिशोब बंद होत नव्हता. पिग्मी एजंट दिवसभराची रक्कम घेऊन काउंटरपाशी उभे होते. तिथल्या कारकुनाने शेवटी १ मार्च टाकून काम पुढे रेटलं. एका दिवसाचं व्याज गेलं, २९ च्या पावत्यांवर १ तारीख पडली. चार संस्थांची खाती सरळ करायला आम्हाला तीन रात्री लागल्या. महिन्याभरात त्या मुलाने राजीनामा दिला.

त्या रात्री सर खुर्चीत बसून म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलं कुणी?" ते चिडून विचारत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. माझं कामच सांगण्याचं होतं आणि मी गप्प बसले, याची खंत मला आजही आहे. रविवारी गॅलरीतून तुझा आवाज आला तेव्हा मला तोच प्रश्न ऐकू आला.

तुम्ही चौघं होतात, आपल्या हॉलमध्ये चटईवर बसून काम करत होतात, तेव्हा ही अडचण नव्हती. चार माणसांत सहा जोड्या होतात. प्रत्येकाचं प्रत्येकाशी बोलणं व्हायचं, चूक लपायला जागाच नव्हती. आता तुम्ही चौदा जण आहात. चौदांत एक्याण्णव जोड्या होतात, कागदावर मांडून बघ. फ्रेड ब्रुक्स या सॉफ्टवेअरमधल्या जाणत्या माणसाने १९७५ मध्येच आपल्या पुस्तकात हा हिशोब दाखवला होता: उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, कारण नव्यांना शिकवण्यात आणि एकमेकांशी बोलण्यातच वेळ जातो. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे की आता बातमी आपोआप तुझ्यापर्यंत येणार नाही. कुणीतरी उठून ती आणली पाहिजे. आणि उठण्याआधी तो माणूस तुझा चेहरा आठवतो.

गिटलॅबचं, म्हणजे लोकांचे प्रोग्रॅम सांभाळून ठेवणाऱ्या त्या कंपनीचं, प्रकरण तुला माहीत असेल. २०१७ च्या ३१ जानेवारीला रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा काढून टाकायची कमांड चालवली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, त्यातली एकही वेळेला धड कामाला आली नाही. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने सापडली म्हणून निभावलं. त्यांनी काय केलं? दुरुस्तीच्या नोंदी जगाला खुल्या केल्या, काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. नंतरच्या अहवालात एका माणसावर खापर फोडलं नाही, बॅकअप का चालत नव्हते ते शोधलं. तेव्हा कळलं की बॅकअप फसतोय असं सांगणारे मेल सिस्टीम पाठवत होती, पण ते वाटेतच नाकारले जात होते. कुणाला मिळतच नव्हते. मी हे वाचलं तेव्हा मला आमचा बंगला आठवला. बातमी आमच्याकडेही होती. वाट बंद होती.

म्हणून सांगते. कुणी काही बिघडल्याचं सांगायला आलं की तुझ्या तोंडून पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच निघू दे, मनात काहीही असो. आधी दुरुस्ती. का झालं ते दोन दिवसांनी, डोकं थंड झाल्यावर, सगळ्यांनी मिळून लिहून काढा, आणि त्या कागदावर कुणाचं नाव नको. तुमच्याकडे मधे कुणी एचआर नाही, मॅनेजरांची उतरंड नाही. सकाळी तू ज्या तोंडाने आत येतोस ते त्या दिवशी चौदा टेबलांवर पोचतं. रात्री साडेअकराला ग्रुपवर "कुणी जागं आहे का?" असं तू सहज टाकतोस. तुला ते सहज वाटतं. समोरच्याला उत्तर न देणं शक्य नसतं.

"आम्ही सगळे एक कुटुंब आहोत" असं तू नव्या मुलांना सांगतोस, ते मला पटत नाही. घरातून कुणी राजीनामा देऊन जात नाही. ती मुलं पगारासाठी येतात आणि त्यात कमीपणा काही नाही. दोन वर्षांत तू एकदाही पगार लांबवला नाहीस, एका महिन्यात स्वतः काही घेतलं नाहीस, याचा मला फार अभिमान आहे. कुटुंब म्हणण्यापेक्षा हे मोठं आहे.

आणि एक गोष्ट राहते. दहा किंवा जास्त माणसं असली की कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. गणपतीत मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "आई, आमच्यात तसलं काही होत नाही." होत नाही की तुझ्यापर्यंत येत नाही, हे तुला कसं कळणार? या महिन्यात ते करून टाक. सव्वीस आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेचंही आत्ताच लिहून ठेव, कुणाला संकोचून विचारायची वेळ येऊ नये.

त्या मुलाने रविवारी तो फोन कुठे बसून केला असेल, त्याच्या शेजारी कोण असेल, तुला माहीत नाही. त्याच्या घरीही जेवायचीच वेळ असेल. उद्या ऑफिसला गेलास की आधी त्याला बाजूला घेऊन भेट, मेसेज नको. माझा आवाज चढला ते चुकलं, असं सरळ सांग. मग तोच प्रश्न पुन्हा विचार, तीन दिवस का लागले. त्याला पूर्ण बोलू दे. उत्तरात तुझं नाव आलं तरी मधे तोडू नकोस.

पुढच्या रविवारी ये. आमटी पुन्हा करते. तो काय म्हणाला ते मला सांग.

तुझी,
आई