बुटांच्या काट्यांबद्दल, आणि बाकी सगळ्याबद्दल

गुहागरच्या माहेरवाशिणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहायचं नाही, ही तुझी अट. ती पाळते. स्टॉकहोमच्या स्टेशनवर मी आभार मानायला लागले तर मध्येच थांबवलंस मला. म्हणालीस, "काकू, मला आभार नकोत. घरी गेल्यावर काय काय चुकलं ते लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी कोणी काका चोवीस तारखेला बंद दारासमोर पडायचे नाहीत." म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. आभार मी मानणारच आहे. तुझ्याहून वीस-पंचवीस पावसाळे जास्त बघितलेत, तेवढा हट्ट चालवून घे.

चूक पहिल्या दिवसापासूनचीच होती. ह्यांची सत्तरी म्हणून भाच्याने तिकिटं काढून दिली आणि एका एजंटाने कार्यक्रम आखून दिला. छान रंगीत कागद, वर सांताक्लॉजचं चित्र. २४ डिसेंबर, वासा म्युझियम. २५ डिसेंबर, आणखी दोन म्युझियमं. नाताळ म्हणजे तिकडची दिवाळी, तेव्हा रस्ते माणसांनी फुललेले असणार, असं आम्हीही धरून चाललो. दिवाळी खरी, पण दारं लावून करायची. स्वीडनमध्ये मोठा दिवस पंचवीसचा नाही, चोवीसचा, आणि त्या दिवशी माणसं घरात असतात, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

त्या सकाळी ट्राममधून उतरून आम्ही म्युझियमच्या दारापर्यंत आलो तेव्हा सूर्य उगवून तासही झाला नव्हता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. दारावरची वेळापत्रकाची पाटी वाचायला हे पुढे झाले आणि क्षणात दोन्ही पाय वर. रस्त्यावर पाणी सांडल्यासारखं दिसत होतं, तो बर्फ होता. मी "अगो बाई गो!" करून ओरडले. आणि मागून आवाज आला, "काका, उठू नका लगेच. आधी बोटं हलवून बघा."

मला वाटलं थंडीने भास व्हायला लागले. वळून बघते तर डोळ्यांपर्यंत टोपी, गुडघ्यांपर्यंत जाकीट, हातात कुत्र्याचा पट्टा, आणि तोंडात मराठी.

ह्यांचं मनगट सुजायला लागलं होतं. तू तिथल्या तिथे ११७७ला फोन लावलास. तो तिकडचा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक; पलीकडे नर्स असते आणि ती सांगते दवाखाना गाठायचा की घरीच शेकायचं. तू विचारत होतीस आणि हे बोटं मिटून उघडून दाखवत होते, शाळेतल्या पोरासारखे. मुरगळलंय, मोडलेलं नाही, असं ठरलं. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, आणि त्याच्या हप्त्यावरून ह्यांनी रत्नागिरीत आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतं. त्या दिवसापासून तो विषय निघालेला नाही.

मग तू ते रबराचे पट्टे काढलेस. खाली लोखंडी काटे. बुटावर ताणून चढवायचे, की पाय बर्फात रुततो. स्वतःच्या बुटांवरून काढून ह्यांच्या बुटांवर चढवलेस, वाकून, रस्त्यात. आणि म्हणालीस, "आता पावसात पाखाडी उतरता ना काका, तसं चाला. आखूड पावलं, गुडघे थोडे सैल, वजन पुढच्या पायावर."

पाखाडी! स्टॉकहोममध्ये हा शब्द. जांभ्याच्या पायऱ्यांवर श्रावणात शेवाळ धरतं तेव्हा त्यावरून कसं उतरायचं ते कोकणातल्या माणसाच्या पायांना माहीतच असतं. आम्हीच ते सामानाबरोबर घरी ठेवून आलो होतो. मी म्हटलं, "तू कुठली गो?" तू म्हणालीस, "गुहागर." ह्यांनी मनगट धरल्या धरल्या विचारलं, "वरचा पाट की खालचा पाट?" आणि तू इतकी हसलीस की कुत्रा भुंकायला लागला.

तुझ्या घरी ती दुपार गेली. सगळं लिहीत नाही, तू रागावशील. पण खिडकीतला तो सात दिव्यांचा त्रिकोणी दिवा लिहिते. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी तो लावायचा आणि जानेवारीच्या तेरा तारखेपर्यंत खिडकीत ठेवायचा, पडदा न ओढता. समोरच्या इमारतीत बघितलं तर प्रत्येक मजल्यावर तसाच दिवा, नाहीतर कागदी तारा. मी विचारलं, लोकांना घरातलं दिसत नाही का? तू म्हणालीस, "दिसू दे की काकू. तो दिवा आपल्यासाठी नसतोच, रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असतो." तीन वाजता टीव्हीवर डोनाल्ड डक लागला. साठाहून जास्त वर्षं अख्खा देश चोवीस तारखेला तीन वाजता तोच कार्यक्रम बघतो म्हणे. त्याच्या थोडं आधी, पावणेतीनला, बाहेर सूर्य मावळला होता.

जेवायला वरण-भात आणि बशीत व्हिनेगर-साखरेत मुरवलेला हेरिंग. मी तोंड फिरवलं. ह्यांनी चार तुकडे खाऊन निकाल दिला, "हा तारलीचाच चुलत भाऊ. पण ह्याला साखर कोणी घातली?" केशराचा पाव मात्र मला आवडला, एस अक्षरासारखा वळवलेला आणि दोन्ही वळशांत एकेक बेदाणा. तेरा डिसेंबरच्या लुसिया सणाचा पाव, असं तू सांगितलंस. आम्ही दूध आटवून त्यात केशर घालतो, त्यांनी मैद्यात घातलं, एवढाच फरक.

मग तू एजंटाचा तो कागद उलटा केलास आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आमची उरलेली सहल नव्याने लिहून काढलीस. मधोमध आडवी रेघ मारलीस: पावणेतीन. रेघेच्या वर उघड्यावरचं, खाली छपराखालचं. "उजेड सहा तास मिळतो. तो म्युझियममध्ये घालवू नका." कुठल्याही एजंटाला सुचू नये इतकी साधी गोष्ट. डिसेंबरात तिकडे जाणाऱ्याने दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, ही रेघ ठेवावी. आणि हो, छपरावरून बर्फाचे सुळे लोंबत असतील त्या बाजूने चालू नये. हे तू तीनदा सांगितलंस म्हणून मीही लिहिते.

पंचवीसला सगळं बंद, तर तू आम्हाला जमिनीखाली पाठवलंस. चोवीस तासांचा पास काढा आणि मेट्रोची स्टेशनं बघत फिरा. मला वाटलं पोरगी आमची वेळ भागवतेय. पण तिथल्या शंभर स्टेशनांपैकी नव्वदांहून जास्त ठिकाणी चित्रं-शिल्पं आहेत. टी-सेंट्रालेनला खडक तसाच ठेवून त्यावर निळ्या वेली रंगवल्यात, आणि वर बघितलं तर शिडीवर, मचाणावर काम करणाऱ्या माणसांच्या निळ्या आकृत्या. स्टेशन बांधणारे मजूर ते. आपल्याकडे कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं.

सोल्ना सेंट्रुमला मात्र आम्ही दोन गाड्या सोडल्या. वर रक्तासारखं लाल आकाश, खाली हिरवं सूचिपर्णी जंगल, भिंतीभर पळत जाणारं. १९७५ चं काम. जंगलतोडीबद्दलचं आणि खेडी ओस पडत होती त्याबद्दलचं ते चित्र, असं तू लिहून दिलं होतंस. हे बाकावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्या वाडीतली बंद घरं मोजायला लागले, माळ्यांचं एक, पलीकडे दोन. अकरावर थांबले. तुझं माहेरही त्यात धरू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, आई आहे तिथे, नका धरू.

सव्वीसला वासा उघडलं. तू म्हणाली होतीस तास पुरेल. आम्हाला साडेतीन लागले, आणि दोष तुझ्या काकांचा. त्यांचे वडील होड्या बांधायचे हे तुला माहीत नव्हतं.

अंधाऱ्या हॉलमध्ये वासा नावाचं ते अख्खं गलबत समोर उभं राहतं तेव्हा पहिल्यांदा मागे सरकावंसं वाटतं. ६९ मीटर लांब. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीला निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं, वाऱ्याची झुळूक आली, कललं, तोफांच्या खालच्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बंदरातच बुडालं. राजाला दोन मजले तोफा हव्या होत्या, ६४ तोफा. वरचा भार वाढला आणि खाली नीरम, म्हणजे गलबत कलू नये म्हणून तळाशी टाकतात तो भार, टाकायला जागा उरली नाही. गंमत अशी की हे आधीच कळलं होतं. बंदरात तीस माणसांना डेकवर या कडेवरून त्या कडेवर पळवून बघितलं होतं. तीन फेऱ्यांत गलबत इतकं डोलायला लागलं की पळणं थांबवलं. तरी निघालं. राजा युद्धावर होता आणि त्याला घाई होती. पुढे चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. हे म्हणाले, "बाबा असते तर पहिल्या दिवशीच मजुरी परत देऊन घरी आले असते."

पण त्यांना खरं कुतूहल होतं लाकडाचं. ३३३ वर्षं पाण्यात राहून, १९६१ मध्ये वर काढलेलं लाकूड शाबूत कसं? आमच्याकडे होडी दर पावसाळ्यात ओढून शाकारायची, तळाला डांबर फासायचं, तरी लाकूड पोखरणारा किडा फळीची चाळण करतो. बोटाने दाबलं तर फळी आत जाते, हे ह्यांनी लहानपणी केलेलं आहे. उत्तर तिथे लिहिलेलं होतं: त्या किड्याला खारं पाणी लागतं, आणि बाल्टिक समुद्र इतका कमी खारा की तो तिथे जगत नाही. हे मी भाषांतर करून सांगितलं तर माणूस कठड्याला धरून उभाच राहिला. "समुद्र अळणी म्हणून वाचलं!" बाहेर काढल्यावर लाकूड वाळून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर औषधी पाण्याचा फवारा मारत होते. ते वाचून दाखवेपर्यंत माझे पाय दुखायला लागले होते.

कोपनहेगनला जाताना तू सांगितल्याप्रमाणे दिवसाची गाडी घेतली, म्हणून २००० साली खुला झालेला तो समुद्रावरचा पूल उजेडात दिसला. गाडी पुलावरून एका मानवनिर्मित बेटावर उतरते आणि तिथून बोगद्यात शिरते. आपल्याकडे आधी सावंतवाडीच्या गाड्या वेळेवर आणा, मग बोलू.

तिथला गोल मनोरा तू "काकांच्या गुडघ्यांसाठी" म्हणून लिहिला होतास. १६४२ चा. आत जिने नाहीत, २०९ मीटर लांबीचा चढ वळत वळत वर जातो. रशियाचा पीटर १७१६ मध्ये घोड्यावरून वर गेला होता. हे मनगट गळ्यात बांधून, एकदाही न बसता वर पोचले. शेवटी थोड्या अरुंद पायऱ्या आहेत, त्या तेवढ्या लिहायच्या राहिल्या तुझ्याकडून. मनोरा बांधणारा चौथा क्रिस्तियान. त्याच्याच काळात, १६२० मध्ये, डॅनिश लोकांनी तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला किल्ला बांधला. तेव्हा ओळख अगदीच नवी नाही म्हणायची. रेघेच्या खाली तू तिवोली लिहिलं होतंस. १८४३ पासूनची बाग, रात्री सगळी दिव्यांनी लगडलेली, आणि हवेत साखरेत भाजलेल्या बदामांचा वास. ती प्रसिद्ध जलपरीची मूर्ती पाहिली. सव्वा मीटरची आहे. हे म्हणाले, "एवढीशीच?" आणि फोटो काढून निघालो.

एक विनोद सांगायचा राहिला. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, तीन देश, तीन चलनं, युरो एकीकडेही नाही. म्हणून ह्यांनी तिन्हीच्या नोटा करून आणल्या होत्या, वेगवेगळ्या पाकिटांत, वर नावं घालून. दोन पाकिटं न उघडता परत आली. शौचालयाच्या दारालासुद्धा कार्ड टेकवावं लागतं.

रात्रीच्या बोटीने ऑस्लोला गेलो. तिथे ऑपेराच्या उतरत्या संगमरवरी छपरावर चढायचं नाही, खालूनच बघायचं, हे तू जाड अक्षरांत लिहिलं होतंस. खालूनच बघितलं. एकच दिवस होता आणि तो ह्यांनी फ्राम नावाच्या, ध्रुवाकडच्या मोहिमांसाठी बांधलेल्या जुन्या जहाजात घालवला. त्या जहाजाचा तळ मुद्दाम गोलसर केलाय, बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळलं तर ते फुटायच्या ऐवजी वर उचललं जावं म्हणून. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नानसेन ते घेऊन १८९३ मध्ये निघाला, जाणूनबुजून बर्फात अडकला आणि तीन वर्षांनी जहाज सुखरूप सुटलं. हे म्हणाले, "ते राजाला विचारून बांधलं, हे बर्फाला विचारून." वडिलांसारखे हात मागे बांधून दोनदा फेरी मारली. म्हणजे बांधायचा प्रयत्न केला, मनगट दुखलं.

आता काट्यांचं. तू ते परत नकोत म्हणालीस, पण वस्तू ठेवून घेणं ह्यांना पटेना. कोपनहेगनमध्ये एका पायाचं रबर तुटलं होतं, ते ह्यांनी घरी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून दुरुस्त केलं. मग शिवरात्रीच्या आठवड्यात आम्ही गुहागरला तुझ्या आईकडे गेलो. सोबत तू दिलेला कागदी ताराही होता. तारा त्यांनी पडवीत टांगला, दिवाळीचा कंदील अजून उतरवलेला नव्हता त्याच्या शेजारी. काटे हातात घेऊन उलटसुलट बघितले, एका काट्यावर अंगठा दाबला. "हे घालून चालते होय ती," एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

निघताना मी आठवण केली, की तुम्ही मे महिन्यात तिकडे जाणार आहात ना, तेव्हा हे तिला द्या. तर म्हणाल्या, "तिला तिकडे दुकानात मिळतील. हे राहू देत इथे. जूनपासून विहिरीकडची पाखाडी मला एकटीला उतरायला होत नाही."

तेव्हा तुझे काटे तुला मिळणार नाहीत. नवे घे. पैसे आईंकडे ठेवून आलोय, वेगळ्या पाकिटात. स्वीडिश नोटाच आहेत.

तुझी,
रत्नागिरीची काकू