सहीसाठी पत्राला कात्री नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नामवंत चित्रकारांची स्वाक्षरी असलेली पत्रे लिलावात निघाली की वृत्तपत्रांत बातमी येते आणि ती बहुधा बोलीच्या आकड्यावरच संपते. पत्र कोणाला लिहिले होते, त्यात काय होते, ते विक्रेत्याच्या हाती कसे आले, याविषयी अवाक्षरही नसते. त्यामुळे या छंदाकडे नव्याने वळणाऱ्यांचा असा ग्रह होतो की, खरे मोल सहीचे आणि बाकीचा कागद दुय्यम. या गैरसमजाने पूर्वी बरेच नुकसान केले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

एकोणिसाव्या शतकात युरोपात सह्यांच्या वह्या बाळगण्याची हौस इतकी बोकाळली होती की, चांगल्या अखंड पत्राच्या तळाची सही कापून वहीत डकवली जाई आणि मजकुराची वासलात लावली जाई. अशा पट्ट्या आजही विक्रीला येतात. त्यांवर तारीख नसते, संदर्भ नसतो आणि हस्ताक्षर ताडून पाहावे इतका मजकूरही नसतो. पानभर मजकूर दुसऱ्याच्या वळणात लिहिताना नकलाकाराचा हात कुठे ना कुठे अडखळतो. चार-सहा अक्षरांची सही मात्र सरावाने साधते. म्हणजे ज्या तुकड्यासाठी पत्राचा बळी दिला, त्याचाच अस्सलपणा सिद्ध करणे सर्वांत अवघड होऊन बसते.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचेच पाहा. त्याने लिहिलेली आठशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील साडेसहाशेवर पत्रे धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेली आहेत. थिओने ती सांभाळली आणि त्याच्या पश्चात त्याची पत्नी योहाना हिने १९१४ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. फ्रान्समधील आर्ल्स गावातील आपल्या शयनगृहाचे चित्र रंगवत असताना, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्याने थिओला त्या चित्राचे रेखाटन पाठवले आणि भिंती फिकट जांभळ्या असल्याचे लिहिले. आज ते चित्र पाहणाऱ्याला भिंती निळ्या दिसतात, कारण मिश्रणातील तांबडा रंग काळाच्या ओघात उडून गेला आहे. चित्रकाराच्या मनातील रंग कोणता होता, याचा पुरावा त्या पत्रात आहे. सही म्हणाल तर अशा पत्रांखाली बहुधा नुसते ‘व्हिन्सेंट’ असते, आडनावदेखील नाही! अनेक पत्रांवर तारीखही नसल्यामुळे मजकुरातील उल्लेख आणि कागदाची जात यांवरून अभ्यासकांना त्यांचा क्रम लावावा लागला. पाकीट आणि त्यावरचा टपालाचा शिक्का जपणे किती अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

नुसत्या सहीवर विसंबण्यातला धोका स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली याच्या उदाहरणावरून कळतो. त्याने हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या आणि त्यांवर पुढे काय छापले जाईल यावर कोणाचा धरबंध राहिला नाही. त्यामुळे सही खरी असली तरी तिच्या वरचे चित्र भरवशाचे असेलच असे नाही. छापील सही ओळखणे त्या मानाने सोपे असते, कारण साध्या भिंगाखाली पुष्कळदा छपाईचे ठिपके दिसतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झळकला, तर तो बहुधा १९५० च्या सुमारास किंवा त्यानंतर तयार झालेला असतो आणि त्याहून जुनी तारीख घातलेल्या पत्राकडे संशयाने पाहावे. पत्र अस्सल ठरल्यावरही ते लॅमिनेट करणे किंवा चिकटपट्टीने सांधणे कटाक्षाने टाळावे. सही जपण्याच्या भरात हे सर्रास होते.

संग्राहकाच्या हक्काचाही प्रश्न आहे. कागद विकत घेतला म्हणजे त्यातील मजकूर छापण्याचा अधिकार मिळत नाही. तो लेखकाकडे आणि पुढे कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत त्याच्या वारसांकडे राहतो. कवी अलेक्झांडर पोप याच्या पत्रांवरून झालेल्या खटल्यात इंग्लंडमधील न्यायालयाने १७४१ सालीच ही विभागणी स्पष्ट केली होती. अभ्यासकाला मूळ पत्र पाहू देण्यास मात्र संग्राहकाला सहसा कोणाची आडकाठी नसते, आणि माझ्या मते ज्याला ते पाहू देणे जड जाते त्याने संग्राहक म्हणून मिरवू नये. व्हॅन गॉग आणि त्याचा चित्रकार मित्र पॉल गोगँ यांनी नोव्हेंबर १८८८ मध्ये मिळून चित्रकार एमिल बर्नारला लिहिलेले पत्र २०२० साली पॅरिसच्या लिलावात २,१०,६०० युरोंना विकले गेले. ते अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयासाठी घेतले गेले, ही त्या व्यवहारातील समाधानाची बाब.

आपल्याला विनंती एवढीच की, यापुढे अशा विक्रीची बातमी देताना बोलीच्या आकड्याबरोबर पत्राची तारीख, ते कोणाला लिहिले, त्यातील विषय आणि ते आजवर कोणाकोणाच्या हाती होते, हा तपशीलही मिळवून छापावा. आणि विक्रेत्याने तो दिला नसेल, तर तसेही नमूद करावे.

आपला नम्र,
एक वाचक