वजनाआधी प्रश्नावली

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वजनाच्या तपासणीत काटा असताना प्रश्नावलीचे हे कागद कशाला, असं तुम्ही विचारलंत. काटा किलो सांगतो, खुर्चीतून उठताना काय होतं ते नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच असला तरी एक माणूस दिवसभर हिंडतो आणि दुसऱ्याला दोन पायऱ्यांवर धाप लागते.

तुम्हाला जी प्रश्नावली देणार आहेत ती आयडब्ल्यूक्यूओएल-लाइट, वजनाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजायला खास बनवलेली. प्रश्न ३१: हालचालीचे ११, स्वतःबद्दल काय वाटतं त्याचे ७, चारचौघांत वावरण्याचे ५, कामाचे ४ आणि लैंगिक आयुष्याचे ४. एसएफ-३६ किंवा ईक्यू-५डी या सर्वसाधारण प्रश्नावल्या कोणत्याही आजाराला चालतात, पण सीटमध्ये मावतो का, लोक टक लावून बघतात का, हे त्या विचारतच नाहीत.

भरायची ती वजन करण्याआधी, डॉक्टरांशी बोलण्याआधी. आकडा ऐकला की उत्तरं त्याच्या मागे जातात. आणि उत्तर फक्त गेल्या आठवड्याचं. त्या आठवड्यात ताप आला असेल, तर तसं नर्सला सांगा.

खरी गोची पुढे आहे. बरेच प्रश्न "माझ्या वजनामुळे" असे सुरू होतात. गुडघा वजनाने दुखतो की वयाने, हे तुम्ही काय, डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकणार नाहीत. फार कीस पाडू नका. पहिल्यांदा जो निकष लावाल तोच पुढच्या वेळी लावा. दुसरी फसगत आई, तुझी होईल. तू जिना टाळतेस, म्हणून "जिन्याचा त्रास नाही" असं लिहून मोकळी होशील. टाळावं लागतं, हाच त्रास!

लैंगिक आयुष्याचे प्रश्न दिसले की पान उलटू नका. एखादा सोडलात तर चालेल, पण विभागातली निम्मी तरी उत्तरं नसतील तर त्याचे गुण निघत नाहीत. आणि एकमेकांचे कागद भरू नका. बाबांना किती वाईट वाटतं, हे आईच्या अंदाजाने मोजायचं नसतं.

शेवटी ० ते १०० असे गुण येतात. १०० म्हणजे उत्तम. सहा महिन्यांनी पुन्हा भरल्यावर तीन-चार गुण वाढले म्हणून हुरळू नका, घटले म्हणून घाबरूही नका. एकूण गुणांत साधारण ८ ते १२ चा फरक पडला तरच तो खरा बदल धरतात, आणि सुरुवातीचे गुण जितके कमी, तितका मोठा फरक लागतो. म्हणून पहिल्या वेळचे गुण, एकूण आणि विभागवार, लिहून आणा. नुसत्या एकूण गुणांत हालचाल सुधारली की मन, ते कळत नाही.

बाबा, चष्मा न्या. नाहीतर कुणीतरी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवेल आणि परक्यासमोर तुम्ही सगळ्यालाच "काही त्रास नाही" म्हणाल.

तुमची,
लेक